गुंगीतलं गाव

अमरावतीच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला होता, अन् गाड्यांना रस्ता पुरत नव्हता. त्या गर्दीत देवीदासची गाडी कलंडली ती नेमकी शकुनच्या वांग्यांपाशी. वांगी वाचली, त्याचा पाय चाकाखाली गेला.

पहाटेपासून उभ्या शकुनच्या अंगात त्राण नव्हतं. तरी तिनं माणसं गोळा केली, त्याला दवाखान्यात आणलं.

"पाऊल काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

देवीदास पांढराफटक पडला. "जागेपनी?"

"नाही. हे औषध हुंगायचं, की गुंगी येते. काही कळत नाही," रुमालाची घडी करत मदतनीस शेषराव म्हणाले.

"अन् जाग नाही आली तं?"

"म्हणून तर मी नाडी धरून बसतो."

शकुन टोपली उचलून निघाली होती.

"बाई... नाव काय तुमचं?"

"शकुन. कावून?"

"थांबता का जराशा? माह्यं इथं कोनी नाही."

नवरा गेल्यापासून तिला 'थांब' असं कोणी म्हटलं नव्हतं. ती उशाशी बसली.

रुमाल नाकाशी आला. गोडसर, जड वास... "वाटेवरची गावं म्हणत राहा," शेषराव म्हणाले.

"बडनेरा... कुरूम... मूर्तिजापूर..." त्याची बोटं तिच्या हातात सैलावली. "बोरगाव... शकुन..."

"हे गाव कुठं आलं हो?" शेषराव हसले.

शकुननं मान खाली घातली. हात मात्र सोडला नाही.

शुद्धीवर आला तेव्हा पाऊल नव्हतं. आधी ओकारी, मग कळ. शेषरावांनी अफूचे थेंब पाजले, तेव्हा कुठं डोळा लागला.

मग बाजार आटोपला की ती रोज भाकर घेऊन येऊ लागली. एके दिवशी तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

"कावून? काय झालं तुमाले?"

"सवय लागून राहिली... अन् एका पायाचा गाडीवान कोनाच्या कामाचा?"

शकुन धपकन खाली बसली. "दिवसभर उभी होती मी. भांडाची ताकद नाही राहिली."

"मंग?"

"मंग आइक. गाडी बैल वढतेत, त्यायले चार-चार पाय हायेत. तू निस्ता कासरा धर... मी बाजूले बसतो."

तो पाहतच राहिला. 'तुमी'चं 'तू' कधी झालं?

"आपला पाट लावाचं तुह्या बाबाले कोन सांगन?" त्यानं हळूच विचारलं.

शकुननं थकलेले डोळे मिटले.

"सकाळीच सांगून आली."