ओठांशी थांबलेला शालोम

मग्दालाच्या किनाऱ्यावरची पहाट खारी. मासे चिरायचे, मीठ भरायचं, रांजणात थरावर थर लावायचे. हात माशांत नि तोंड शेजारणींत. त्या दिवशीही टोपली कमरेला लावून मी गेले. मन मात्र चार दिवसांच्या वाटेवर, सोर गावी होतं. माझी एकुलती लेक तबीथा तिथं दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरलेले.

वयानं मी सगळ्यांत मोठी. म्हणून शालोम, म्हणजे 'तुला शांती असो', आधी बाकीच्यांनी म्हणायचा, मग मी.

कुणी म्हटला नाही.

"का गं सप्पीरा, तोंडात मिठाचा खडा धरलायस काय?"

सप्पीरा माझी शेजारीण, मासळीशीसुद्धा बोलणारी. ती हसली, तोंड उघडलं, आणि हसू तसंच राहून गेलं. "म्हणत होते गं मावशी. ओठापर्यंत आला, अन्..." तिनं ओठ पदरानं पुसले.

मीठवाला तसाच. पाण्याला निघालेल्या पोरी तशाच. एकमेकींना शालोम, माझ्यापाशी आल्या की माना खाली. सरोवर तेलासारखं पडून होतं.

आमच्यात सुतक असलेल्याला सात दिवस कुणी शालोम म्हणत नाही. ज्याच्या घरातून शांती उठून गेली, त्याला ती कुठल्या तोंडानं द्यायची? पण माझ्या घरचं कोण गेलं होतं? धन्याला जाऊन वर्षं लोटली.

मी सभास्थानात, आमच्या प्रार्थनेच्या घरी गेले. तिथं एलाजार होता. शास्त्र शिकलेला, भुताखेतांना हसणारा.

"बातमी आल्याखेरीज सुतक नाही, ताई," तो म्हणाला. "एकीचं बघून दुसरीनं मनात घेतलं, झालं. हे बघ, मी म्हणतो."

त्याचा घसा हलला. पुन्हा हलला. कपाळावर घाम फुटला.

"घरी जा," तो हळूच म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी उंबऱ्यात बसून राहिले. ऊन चढलं. वाटेवर धूळ उठली आणि धुळीतून मनहेमचं गाढव आलं. मनहेम सोरहून काचेची भांडी आणतो. भेटेल त्याला शालोम, शालोम करत तो माझ्या दारी आला.

"मावशी, तोंड गोड कर. नातू झालाय. मायलेकरं खुशाल."

मी उठून उभी राहिले. "तू पाहिलंस?"

"निघालो तेव्हा तबीथा दारात उभी होती, पोर छातीशी धरून."

"कधी निघालास?"

"झाले की चार दिवस."

"काही सांगितलं तिनं?"

"सांगितलंय तर. म्हणाली, आईला माझा..."

तो थांबला. हसला. घसा साफ केला.

"आईला माझा..."

"म्हण रे बाबा."

त्याचे ओठ हलत राहिले. आवाज नव्हता. गाढवाचा दोर हातातून सुटला, तो त्यानं उचलला नाही.

मग मसुराचा वास आला.

सुतकातल्या घरी पहिलं जेवण शेजारणीनं आणायचं असतं, मसुराचं. सप्पीरा वाफाळतं भांडं दोन्ही हातांत धरून माझ्या अंगणात उभी होती.

"कुणासाठी गं?" मी विचारलं.

"ठाऊक नाही, मावशी," ती म्हणाली. "काल झोपताना भिजत घातले होते."