चार स्क्रू आणि एक बंद पाकीट

एक्स-रेच्या रांगेतून मी घाईने वळले, आणि समोरून येणाऱ्या कुणाच्या तरी काखेतला पाठीच्या कण्याचा प्लास्टिकचा नमुना माझ्या दंडावर आपटून खाली पडला. त्यातले चार स्क्रू फरशीवर घरंगळले.

"अगं बाई!"

"सॉरी… लागलं का?" त्याने चक्क मराठीत विचारलं. दिल्लीतल्या इस्पितळात!

"मला नाही. तुमच्या कण्याचं मात्र काही खरं नाही," म्हणत मी स्क्रू गोळा केले. दोन जाड नि लांब, दोन बारीक नि आखूड. दिल्लीजवळच्या मानेसरच्या कारखान्यात मी दिवसभर गाड्यांचे बोल्ट मोडेपर्यंत ताणून बघते. बोटं आपोआप आटे तपासू लागली. "हे बारीक टिकतात?"

तो हसला. गालावर मास्कचा वळ उठला होता. "वोही तो… तेच शोधतोय. दोन वर्षं."

डॉक्टर मानस चांदोरकर. जन्म दिल्लीचा, मराठी अर्धी हिंदीत भिजलेली. माझ्या आईचं ऑपरेशन ज्या सरांकडे होतं, त्यांच्याच हाताखाली तो संशोधन करत होता.

आईच्या कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता. दहा पावलं टाकली की पाय बधिर. मॉलमध्ये ट्रॉलीवर वाकून तेवढी चालायची. सर आईला म्हणाले, मणके स्क्रूंनी पक्के करायचे. दोन पद्धती आहेत, त्यांची आम्ही तुलना करतोय. नीलाताई, तुम्ही सामील व्हाल? कोणती पद्धत, ते ऑपरेशनच्या वेळी बंद पाकीट उघडून ठरेल.

मी मानसला इस्पितळाच्या हिरवळीवर गाठलं. धुक्यातून नुकतं ऊन उतरत होतं आणि तो किन्नू, इकडचं संत्रं, सोलत बसला होता.

"चिठ्ठी टाकून ठरवणार? माझ्या आईचं?"

"जुन्या पद्धतीत स्क्रू जाड, चीर मोठी. नवीत स्क्रू बारीक, पण हाडाच्या टणक भागातून तिरपा जातो. चीर छोटी. दोन्ही चांगल्या आहेत…"

"जास्त चांगली कोणती?"

"माहीत नाही."

"डॉक्टर असून?"

"माहीत असतं तर चिठ्ठी कशाला टाकली असती, रुचिराजी?"

"मी बोल्ट दहा लाख वेळा वाकवते, मग पास करते. आईला एकच पाठ आहे हो… आणि ते 'जी' नको."

"अच्छा… रुचिरा." त्याने नाव सावकाश उच्चारलं, आणि बिया काढलेली एक फोड माझ्या तळहातावर ठेवली. एवढ्या थंडीत माझे कान तापले.

संमतीपत्रावर सही आईनेच केली. "मला चालत भाजी आणायला जायचंय. स्क्रू कुठला ते त्यांचं ते बघतील."

मला मात्र चैन नव्हतं. ऑफिसच्या बसमधून रोज मानसला फोन. स्क्रू सैल होतो? "कधी कधी." नसेला धक्का? "फार कमी वेळा. पण होतो." त्याने एकदाही गोड खोटं सांगितलं नाही, आणि मला त्याचाच धीर वाटू लागला. एकदा फोन लावला आणि लक्षात आलं, विचारायचं असं काही नाहीच.

"कोई सवाल?"

"नाही…"

"तरी फोन ठेवू नकोस ना… म्हणजे, नका."

ऑपरेशनच्या सकाळी आईला आत नेलं आणि तो आला, साध्या राखाडी स्वेटरमध्ये. मी ताडकन उठले.

"हे कपडे? तुम्ही आत नाही?"

"नाही. सरांना सांगितलं, या पेशंटचं काहीच मी करणार नाही. चालण्याचं मोजमाप तेजश्री घेईल, माझी ज्युनिअर."

"का? रिपोर्टमध्ये काही निघालं? खरं सांगा!"

"रिपोर्ट ठीक आहे. मी ठीक नाहीये." तो जमिनीकडे बघत होता. "मोजणारा न्यूट्रल लागतो. तुझी आई चालली तर मला… फार आनंद होईल. एवढा आनंद होणाऱ्याने मोजायचं नसतं."

तुझी! आणि मग संतापच आला. "हे आत्ता सांगायचं? ती आत गेलीय!"

"नाही सांगितलं, तर मी बाहेर का बसलोय, ते तुला कसं कळणार?"

चार तास. आत पाकीट उघडलं असेल… स्क्रू फिरत असेल… एक आटा चुकला तर? तो शेजारी बसून राहिला. सर बाहेर येऊन म्हणाले, "दोन्ही पाय हलवले त्यांनी," तेव्हा कळलं, त्याच्या स्वेटरची बाही मी मुठीत धरली होती. मी ती सोडली नाही.

तिसऱ्या दिवशी आई वॉकर धरून कॉरिडॉरमध्ये आली. तेजश्री घड्याळ घेऊन बाजूला. सात… आठ… नऊ… दहा. अकरा. आई चालतच होती! तिसाव्या पावलाला थांबली, पण पायांमुळे नव्हे.

"तो खिडकीकडे तोंड करून कोण उभाय?"

"मानस. त्याला… बघायचं नाहीये."

आईने माझा चेहरा निरखला. "का गं?"

मी तिच्या कानात सांगितलं. मग धावतच त्याच्यापाशी गेले.

"चालल्या?" त्याने मागे न वळताच विचारलं.

"तीस पावलं. आई बोलावतेय तुला."

"मला? का?"

"मी तिला सांगितलं… तू मला आवडतोस म्हणून. आधी तुला सांगायला हवं होतं, पण…"

तो वळला. डोळे भरलेले, आणि तरीही हसत होता. काही बोलायला गेला, तोच मागून आईचा खणखणीत आवाज आला, "येताय का दोघं? की मीच येऊ?"

आणि वॉकरची टकटक आमच्या दिशेने येऊ लागली.