फक्त एकदा घासलेलं कार्ड

"पैसे कशाने दिलेस? ड्वेन, तुला विचारतेय मी!"

केकवरच्या मेणबत्त्या अजून धुमसत होत्या आणि इर्माच्या मांडीवर बुटांचा उघडा खोका... पांढरे, जाड तळव्यांचे, दिवसभर उभं राहणाऱ्या बायका घालतात तसले! धाकटा भाऊ ड्वेन समोर उभा, चेहरा नुसता फुललेला. यंग्सटाउन शहरातला कारखाना बंद पडून त्याची नोकरी गेली, त्यानंतर वर्षभरात तो असा हसलाच नव्हता हो!

"कशाने म्हणजे? तुझ्याच कार्डावर! माझ्या नावाचं जोडकार्ड तू कापून टाक म्हणालीस, मी ठेवलं लपवून," तो डोळा मारून म्हणाला. "घाबरू नकोस, लोकांच्या दारातला बर्फ उपसायचे पैसे मिळाले की तुझ्या हातावर ठेवतो. शाळेच्या त्या स्वयंपाकघरात फाटके बूट घालून उभी असतेस, ताई... बघवत नाही गं!"

इर्माने बुटांवरचा हात काढून घेतला.

त्याचं काय झालं होतं, नोकरीबरोबर ड्वेनचा आजारपणाचा विमाही गेला आणि नेमकं त्याच महिन्यात त्याच्या बायकोचं, डार्लाचं, पोटाचं ऑपरेशन निघालं. इर्माने मागचापुढचा विचार न करता हॉस्पिटलचं सगळं बिल आपल्या क्रेडिट कार्डावर घेतलं. आई गेल्यावर ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याच्यासाठी नाही तर कोणासाठी करायचं? एकही हप्ता न चुकवता ती फेडत होती, आणि तरी डिसेंबरात बँकेने कळवलं की व्याज जवळजवळ तिप्पट, आणि तेही जुन्या सगळ्या बाकीवर! मान्य नसेल तर तसं लिहून द्या, उरलेलं जुन्याच दराने फेडा. पण त्यानंतर कार्ड एकदा जरी वापरलंत, तर वाढ तुम्हाला मान्य आहे असं धरू. इर्माने त्याच दिवशी नकार लिहून टाकला. चार वर्षांत सगळं फिटलं असतं, मग नोकरी सोडायची, झिजलेल्या गुडघ्यांना विसावा द्यायचा... आयुष्यात एवढं एकच तर मागितलं होतं तिने!

पण एकाच घरात राहणाऱ्या ड्वेन-डार्लाला कारण सांगायचं कसं? डार्लाला वाटलं असतं, माझ्या आजारपणामुळे झालं. म्हणून "कार्डं कापा" एवढंच ती म्हणाली, आणि डार्ला मागून कुजबुजली होती, "चिक्कू होत चाललीय हं तुझी बहीण."

"आवडले नाहीत?" ड्वेनचं हसू मावळायला लागलं.

एका शब्दाने ते कायमचं विझलं असतं... इर्माने त्याचा गाल ओढला. "वेड्या, आवडले की! साठ वर्षांची झाले, एवढं लाडावू नकोस मला."

दुसऱ्या दिवशी तिने बँकेला फोन लावला. किती विनवण्या केल्या!

"मी नाही हो वापरलं, भावाने वापरलं. माझा वाढदिवस होता..."

"शुभेच्छा, मॅडम," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "पण खातं तुमचंच ना?"

"बूट परत केले तर?"

"बुटांचे पैसे जमा होतील. वाढ मात्र रद्द होत नाही."

झालं! हप्ता भरावा आणि तो सगळा व्याजातच जावा, मुद्दल जागचं हलायला तयार नाही. इर्माने शाळा सुटल्यावर हायवेवरच्या मोटेलच्या धुलाईघरात काम धरलं. घरी म्हणाली, संध्याकाळी कंटाळा येतो.

"कंटाळा?" ड्वेन भडकला. "आमची तोंडं बघवत नाहीत म्हण ना! डार्ला बरोबर बोलते, तुला पैशाचा हव्यास सुटलाय!"

अंतःकरणात रक्त ठिबकत होतं आणि ती कोटाची बटणं लावत होती...

मार्चमध्ये एक हप्ता लांबला आणि वसुलीवाल्यांचा फोन घरी आला. उचलला ड्वेनने! कार्डावर त्याचंही नाव, त्यामुळे त्या माणसाने कंटाळलेल्या आवाजात सगळं सांगितलं. नकार दिला होता, मग बुटांच्या दुकानात कार्ड चाललं, तिथून दर वाढला. "तुम्हीच का ते गिऱ्हाईक?"

ड्वेन तसाच गाडी घेऊन मोटेलवर धडकला. वाफेत घामाघूम झालेली इर्मा एकटीच चादरींच्या ढिगापुढे उभी होती, एक हात टेबलावर रोवून, गुडघ्यावरचा भार सावरत.

"ताई! का नाही बोललीस? मारायचं होतंस मला!"

"कोणी सांगितलं तुला?" तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी... मी फोन करतो त्यांना, पाया पडतो..."

"माझं पडून झालंय."

"घर विकू!"

"आपल्या गल्लीतली किती घरं रिकामी पडलीयत, बघतोस ना? कोण घेणार?"

तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा ढसाढसा रडला. "हव्यास म्हणालो गं तुला... माझी जीभ का झडली नाही!"

"उगी," ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "त्या दिवशी हसला होतास रे तू. इतक्या दिवसांनी! ते कसं मोडू मी?"

यंत्र घरघरत थांबलं. इर्माने डोळे पुसून ओली गरम चादर बाहेर ओढली. ड्वेनने न सांगता दुसरं टोक धरलं.

"कधी फिटणार, ताई?"

"ताणून धर," ती म्हणाली, "अजून चादरींच्या दोन ढकलगाड्या भरून यायच्यात."