डबीवरचं निळं बोट

सकाळी वीरेंद्रनं देवळीतली डबी उघडली. आत काहीच नव्हतं.

काल त्या डबीत मेणाची वडी होती. वडील पुंडलिकरावांच्या आतड्यातून काढलेल्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा त्या मेणात होता. नागपूरचे डॉक्टर म्हणाले होते, हा तपासा. ठरावीक जनुकीय खूण सापडली, तर ह्या टप्प्यावर ठरलेल्या किमोचा फायदा नाही, नुसता त्रास. आणि ती खूण पिढीजातही असू शकते; मग मुलांचीही तपासणी.

वीरेंद्रच्या फोनवरून सब-इन्स्पेक्टर गायत्री पांढुर्ण्याहून तिगावला त्यांच्या घरी पोचली, तेव्हा अंगणात दोघे भाऊ एकमेकांना खाऊ की गिळू करत होते.

"ह्यानंच फेकली," वीरेंद्र म्हणाला. "बाबा गेले की बगीचा ह्याचा."

"तुयी जीभ सडो," धाकटा भूपेंद्र म्हणाला. "झाकण पाह्यलं का? निळं बोट हाये. मीच बोर्डो लावतो म्हणून माह्यावर आळ घेऊन राहिला."

खरंच, झाकणावर बोटाचा निळा ठसा होता. संत्र्याच्या बुंध्याला लावतात त्या बोर्डो मलमाचा.

"शेवटचं कधी लावलं?" गायत्रीनं विचारलं.

"मागच्या हप्त्यात. अर्धीच झाडं झाली. मंग शिवानीच्या सोयरिकीसाठी सौंसरले गेलो, काल रात्रीच आलो."

"आणि तुम्ही?"

"मी मास्तर हावो, मॅडम," वीरेंद्र फणकारला. "ब्रश धरला नाही कधी."

पुंडलिकराव माठाशी खाट ओढून पडले होते. पोटावर टाके, डोळ्यांत अंगार.

"काका, कोणावर संशय?"

"माह्या घरात चोर नाही. जा तुमी."

मुलगी शिवानी पाणी घ्यायला वाकली.

"माठाले हात लावू नको," ते खेकसले.

गायत्री बगीच्यात गेली. राहिलेल्यांपैकी काही झाडांनाही निळा मलम लागला होता, ओला. पण कमरेपासून वर. खाली बुंधे कोरडे, उघडे, जशी पायात चप्पल नसलेली लेकरं.

ती परत आली.

"बोर्डो मातीपासून वर लावतात," ती म्हणाली. "भूपेंद्र असा सोडणार नाही. वीरेंद्रना लावताच येत नाही. हा हात जाणत्याचा आहे, पण वाकू न शकणाऱ्याचा. काका, बोटं दाखवा."

पुंडलिकरावांनी मुठी आवळल्या. नखांत निळं होतं.

"मेण उन्हात वितळतं, म्हणून वडी गारव्यात ठेवली," म्हणत गायत्रीनं माठाखालची ओली रेती चाचपली. प्लास्टिकच्या पिशवीत वडी होती. "फेकली का नाही?"

"माहं मांस हाये," म्हातारा म्हणाला. "माह्या सरणावर जाईन. किमोचं जहर मी पेतो. पण पोरीच्या घराण्यात रोग हाये, हे सौंसरवाल्यायले कळलं, त सोयरीक राह्यते का?"

दोघा भावांना एकमेकांचं तोंड पाहवेना.

शिवानीनं वडी उचलली, पदरानं पुसली.

"बाबा, तुमच्या पोटातलं माह्या पोटात असन, त मले कोण सांगन? सोयरे?"

ते भिंतीकडे वळले.

"दादा, गाडी काढ," ती म्हणाली. "मी बी येतो नागपूरले."