ओवीच्या खोक्याचा प्रतीक्षांक

नागपूरच्या मृदा-संशोधन प्रयोगशाळेत मातीपेक्षा खोकीच जास्त येतात, असं डॉ. मंजिरी बोकारे चेष्टेनं म्हणायची. त्या खोक्यांचा कारभार मात्र तिनं आपणहून गळ्यात घेतला होता. सहकारी परदेशातून बूट मागवत, मासे धरायचे गळ मागवत, कोणी कॉफी दळायचं यंत्र. पत्ता प्रयोगशाळेचा आणि नोंद मंजिरीच्या स्प्रेडशीटमध्ये, एका खोक्याला एक ओळ. 'नभवाह' या वाहतूक कंपनीकडे स्प्रेडशीट सकाळ-संध्याकाळ आपोआप चौकशी करायची आणि खोकं कुठं पोचलं ते रकान्यात उमटायचं.

शेवटची ओळ तिच्या स्वतःच्या खोक्याची होती. सहा वर्षांच्या ओवीच्या, तिच्या मुलीच्या, कानामागचं श्रवणयंत्र बिघडलं होतं आणि नवं डेन्मार्कहून निघालं होतं. त्याच्याशिवाय ओवीला काहीच ऐकू येत नसे. या वयात ऐकणं थांबलं की बोलणंही मागे पडतं, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून या एका ओळीला मंजिरीनं मिनिटामिनिटाला चौकशी करायला लावलं. आईचा जीव, दुसरं काय करणार?

बूट आले. गळ आले. कॉफीचं यंत्र तर मागवणाऱ्याला आठवायच्या आत दारात हजर झालं. ओवीचं खोकं तेवढं जर्मनीतल्या लायपझिगहून दुबईला गेलं आणि दुबईहून परत लायपझिगला आलं. मंजिरीनं ओळींची तुलना केली, आकडे मांडले, आणि जास्त चौकशीचंच खोकं मागे पडतंय यावर विश्वास बसेना म्हणून ती सुबोध अंबुलकरकडे गेली. नभवाहची मार्गनिर्णायक प्रणाली रचणाऱ्यांत तो एके काळी होता. आता तो इथं मातीच्या नमुन्यांची आकडेमोड करत निमूटपणे पापक्षालन करत होता.

"विमानात जागा कमीच असते," तो म्हणाला. "मग कोणाचं खोकं आधी न्यायचं? जो कंटाळून ऑर्डर रद्द करेल, त्याचं. जो थांबणारच आहे, त्याचं मागे ठेवलं तर कंपनीचं काय बिघडतं? आणि थांबणार कोण, हे चौकशीवरून कळतं. सारखं विचारणारा माणूस कधी रद्द करत नाही. त्या आकड्याला आम्ही प्रतीक्षांक म्हणायचो."

"म्हणजे मी विचारत राहिले म्हणून?"

"तू मिनिटामिनिटाला पाहून राहिली होती, मंजिरी. एवढा प्रतीक्षांक मी आजवर कोणाचा पाहिला नाही."

तिनं तिथल्या तिथे ती ओळ पुसून टाकली. अंबुलकरनं नकारार्थी मान हलवली. प्रतीक्षांक खोक्याला नाही, माणसाला चिकटतो, असं त्यानं सांगितलं. मग विचारलं, "आत्ता रद्द कर म्हटलं तर करशील?"

"नाही," मंजिरी म्हणाली.

"प्रणालीलाही तेच ठाऊक आहे."

एकच वाट उरली होती. ज्याला कशाचंच सोयरसुतक नाही, अशा माणसाच्या नावानं दुसरं यंत्र मागवायचं. पण लहान मुलाचं वैद्यकीय उपकरण फक्त आई किंवा वडीलच मागवू शकत. असा माणूस मंजिरीच्या ओळखीचा होता. शिरीष, तिचा नवरा, ओवीचा बाप, वेगळा राहायला लागल्यापासून मुलीला भेटायचं विसरणारा. विसराळू म्हणावं, तर क्रिकेटच्या सामन्यांची वेळापत्रकं त्याला तोंडपाठ असायची. राग गिळून ती त्याच्याकडे गेली. त्यानं हसतमुखानं तिच्यासमोरच ऑर्डर दिली आणि पुन्हा टीव्हीकडे वळला. त्या क्षणी त्याची ती बेफिकिरी तिला देवाच्या कृपेसारखी वाटली, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

अंबुलकरनं बजावलं होतं की शिरीषला आठवण करून द्यायची नाही. तू टोचलंस आणि तो काळजीनं दोनचारदा पाहायला लागला, की त्याचाही आकडा चढेल. म्हणून मंजिरी फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. इकडे ओवीच्या बोलण्यातून आधी 'स' गेला, मग शब्दांची शेवटची अक्षरं गेली. शाळेत मुलं हसली, तेव्हापासून तिनं तोंड उघडणंच सोडलं. मंजिरी रोज तिच्याकडून शब्द घोटून घ्यायला बसायची आणि ओवी मान फिरवायची. तरीही मंजिरीनं शिरीषला विचारलं नाही. आयुष्यात कुठलीच गोष्ट तिला इतकी जड गेली नव्हती.

शेवटी तिचा धीर सुटला आणि ती ओवीला घेऊन त्याच्या फ्लॅटवर गेली. दारातच चपलांच्या रॅकवर न उघडलेली खोकी रचली होती. खालून दुसऱ्यावर डेन्मार्कचा शिक्का होता.

"अगं, हे होय? हे तर लगेच आलं होतं," शिरीष म्हणाला. "तू काही बोलली नाही, मला वाटलं घाई नसेल."

मंजिरीला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ती तिथंच फरशीवर बसली, दातांनी चिकटपट्टी तोडली, यंत्र ओवीच्या कानामागे बसवलं आणि सुरू केलं.

"ओवी."

ओवीनं झटकन मान वळवली. तिचे डोळे मोठे झाले, ती हसली.

"बोल ना, बाळा. आई म्हण."

ओवीनं सगळं नीट ऐकलं. मग तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि 'आई' म्हणण्याऐवजी बोटानं आईकडे दाखवलं.