बारा मिलिमीटर समास

शुक्रवारी सकाळी कुरिअरवाल्याने शेवटचा गठ्ठा आणून टाकला आणि सांगलीतल्या त्या कला महाविद्यालयाच्या व्हरांड्यात निकालाच्या दिवसासारखी कुजबूज सुरू झाली. देशभरातल्या एकशे चाळीस डिझाइन स्टुडिओंना पाठवलेल्या ‘नवे हात’ या विद्यार्थ्यांच्या कामाच्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती परत आल्या होत्या. कीर्ती बेळंकी ही विभागातली तरुण शिक्षिका एकेक प्रत काचेच्या वाचनपाटावर ठेवत होती. पाट मिनिटभर गुणगुणायचा आणि मग पडद्यावर पानापानाचा नकाशा उमटायचा. पान किती वेळ उघडं होतं, बोटं कुठे टेकली, कुठे रेंगाळली, सगळं त्यात दिसायचं.

ही करामत कागदाची होती. लगद्यातच कार्बनचे अतिसूक्ष्म धागे मिसळलेले असत. उजेड आणि बोटांची ऊब लागली की त्यांची ठेवण किंचित बदलायची आणि ती तशीच टिकून राहायची. बनवणाऱ्या कंपनीने त्याला ‘स्मृतिकागद’ असं भारदस्त नाव दिलं होतं, पण मुलं त्याला चुगलखोर म्हणायची. स्टुडिओवाल्यांनाही हे ठाऊक होतं. तशी सूचना मुखपृष्ठाच्या आतच छापलेली असे.

यंत्रं मिनिटाला शंभर चित्रं काढून द्यायला लागल्यापासून पडद्यावर आलेला नमुना कुणी उघडेनासं झालं होतं. त्यातलं माणसाचं कुठलं आणि यंत्राचं कुठलं, हे निवडत कोण बसणार? तेव्हा विभागप्रमुख श्रीपाल मगदूम यांनी हे छापील पुस्तक काढलं. दरवर्षी चोवीस विद्यार्थी, प्रत्येकाला चार पानं आणि शेवटी सरांच्या सहीने एक ओळ: ‘हे काम मी स्वतः पाहिले आहे.’ त्या सहीला वजन होतं. तिच्या जोरावर आधीच्या तीन वर्षांत साठेक मुलं कामाला लागली होती.

पुस्तकाची मांडणी सर स्वतः करत. समासाच्या बाबतीत ते भलतेच कडक. कुणी लग्नपत्रिका हातात दिली तरी तारीख बघायच्या आधी खिशातली पट्टी काढून चारी बाजूंची कोरी जागा मोजणारा माणूस. ‘नवे हात’ची मांडणी देखणी असते असं लोक म्हणत, आणि ते ऐकून सरांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

रेहाना मुजावरचा नंबर आला तेव्हा कीर्तीचा आवाज उतरला. “एकसष्टावं पान. सरासरी दोन सेकंद. पुढचं पान उघडलंय एकशे चाळीसपैकी नऊ जणांनी.”

रेहाना मिरजेची. वडील तिथल्या एका औषधाच्या दुकानात कामाला होते. कीर्तीने छापून दिलेला आपल्या पानांचा नकाशा हातात घेऊन तिने त्याची बारीक घडी घातली.

“वाईट वाटून घेऊ नकोस,” मगदूम सर म्हणाले. “पण कागद खोटं बोलत नाही, रेहाना. बाजाराला काय नको ते त्याने सांगितलं. स्वतःच्या मर्यादा वेळेवर कळल्या तर बरंच असतं.”

“हो सर. अब्बांच्या दुकानात बिलं करायला माणूस पाहिजेच आहे. सोमवारपासून बसेन म्हणते.” एवढं बोलून ती गेली. आपण मुलीला किती नीट समजावलं, असंच सरांना वाटलं.

दुपारी जेवून सर परत आले, तर कीर्ती पडद्यासमोर अवघडून उभी होती. गठ्ठ्यांशेजारी छपाईआधीची तपासणी प्रत पडली होती. तीही त्याच कागदावर काढलेली. चुकून ती पाटावर गेली होती. ती प्रत मगदूम सरांखेरीज कुणाच्या हातात गेली नव्हती.

“एकसष्टावं पान तुम्ही अकरा मिनिटं उघडं ठेवलंय,” कीर्ती म्हणाली. पडद्यावर पानाच्या चारी कडांना बोटांचे लालभडक डाग दिसत होते, आणि मधोमध, जिथे चित्र होतं, तिथे एकही नव्हता. “आणि बासष्ट-त्रेसष्ट... सर, ती उघडलेलीच नाहीत.”

सरांना सगळं आठवलं. या मुलीचं चित्र पानाच्या टोकापर्यंत जात होतं, सगळ्या पुस्तकाची शिस्त बिघडवत होतं. अकरा मिनिटं पट्टी लावून त्यांनी ते चारी बाजूंनी बारा बारा मिलिमीटर कापलं होतं. मग समाधानाने चौसष्टाव्या पानावर सही केली होती.

त्यांनी मूळ चित्र उघडलं, आणि ते काय आहे हे पहिल्यांदा पाहिलं. औषधांच्या खोक्यांची एक रास पानभर रचलेली होती. खोक्यांचे दर्शनी भाग मुद्दाम कोरे, रंग फक्त पानाच्या टोकाला आलेल्या कडांना. सकाळी पिवळा, दुपारी तांबडा, संध्याकाळी निळा. खोकी क्रमाने लावली की कडांवर पायऱ्या दिसायच्या, आणि वाचता न येणाऱ्या रुग्णालाही पुढचा डोस कळायचा. न उघडलेल्या पानांवर तिने हेच लिहिलं होतं. समासासाठी कापल्या गेल्या त्या नेमक्या कडा. एकशे चाळीस स्टुडिओंना मिळालं ते पांढऱ्या खोक्यांचं एक चित्र, आणि त्यासमोर दोन सेकंदसुद्धा कुणी का थांबावं?

सकाळचं स्वतःचंच वाक्य आठवून सरांना तिथून उठून जावंसं वाटलं.

“या प्रतीची नोंद पुसता येते, सर,” कीर्ती हळूच म्हणाली. “पुसू का?”

उत्तर द्यायला त्यांना लागायला नको होता एवढा वेळ लागला. कीर्तीने तो पाहिला, आणि तिने पाहिलं हे सरांनी पाहिलं. “नको,” ते शेवटी म्हणाले. “या प्रतीच्या सगळ्या पानांचे नकाशे छापून दे.” नकाशांचा लिफाफा पिशवीत घालून त्यांनी मिरजेची बस धरली. वाटेत त्यांनी तो उघडला नाही.

दुकानात गर्दी होती. रेहाना सोमवारची वाट न बघता आजच गल्ल्यामागे उभी होती. समोर कर्नाटकातून आलेल्या एक आजी. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं आणि रेहानाला कानडी जेमतेम. तिने रंगीत पट्ट्या कापून तीन खोक्यांच्या कडांना चिकटवल्या, खोकी एकावर एक ठेवली आणि खिडकीतून सूर्याकडे बोट दाखवलं. आजींनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. “गोत्तायतु, गोत्तायतु,” समजलं म्हणून मान डोलवत त्या गेल्या. हे सगळं सर फुटपाथवर उभे राहून बघत होते. शरमेने त्यांना पायरी चढवेना.

तिनेच पाहिलं. “सर? तुम्ही कशाला आलात? या की आत.”

मगदूमांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पट्टी, अकरा मिनिटं, न उघडलेली पानं, सही. काहीही सौम्य केलं नाही. “चूक माझी आहे. एकशे चाळीस जणांना मी पत्र लिहितो. तुझी पानं पुन्हा छापून पाठवतो.”

रेहानाने हातातली कात्री गल्ल्यावर ठेवली. “मी अब्बांना सांगितलं, सर, की माझ्यात काही नाही. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून मला तीन वर्षं शिकवलं होतं, आणि आज तेच माझी समजूत घालत होते.” तिचे डोळे भरले, पण आवाज चढला. “तुम्ही म्हणालात, कागद खोटं बोलत नाही. खोटं तर तुम्ही लिहिलं होतं, सर.”

“हो,” सर म्हणाले.

एक गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन आलं. रेहानाने औषध काढून दिलं, सुट्टे पैसे परत केले आणि मग पुन्हा सरांकडे वळली. सकाळी व्हरांड्यात तिच्या वर्गातली पल्लवीही आपला नकाशा बघून रडत होती. श्रेयस न बोलता सायकल काढून घरी गेला होता. ते तिला आत्ता आठवत असावं.

“माझं कळलं, कारण ती प्रत चुकून पाटावर गेली,” ती म्हणाली. “उरलेल्या तेवीस जणांची पानं तरी तुम्ही उघडली होती का, सर? आणि आधीच्या तीन वर्षांची?”

मगदूमांचा हात पिशवीतल्या लिफाफ्यावर गेला आणि तिथेच थांबला.