ट्रोम्सोचं रोप

ट्रोम्सोला कोण जाणार आणि ट्रोम्सो कुणाच्या आठवणीत राहणार, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. वाईतल्या शेंबड्या पोरालाही आता यात नवल वाटत नसे. ज्याची तब्येत साथ देत नाही त्याच्या वतीनं घरातलं धडधाकट माणूस प्रवास करून येई, आणि पुण्याच्या केंद्रात ती आठवण त्याच्या डोक्यातून काढून आजाऱ्याच्या डोक्यात लावत. लोक तिला 'रोप' म्हणत.

जाणार होती स्नेहल, डिसेंबरात, फक्त चार दिवसांसाठी. आठवण राहणार होती तिच्या नणंदेला, वैजूताईंना. वैजूताईंनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. ट्रोम्सोला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर टोकाला, हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे उगवतच नाही, भर दुपारी आकाश नुसतं निळंजांभळं होतं, हे त्यांनी खडूनं फळ्यावर काढून पोरांच्या किमान तीस तुकड्या शहाण्या केल्या होत्या. स्वतः मात्र महाबळेश्वरपलीकडची थंडी पाहिली नव्हती. आता फुप्फुसं थकली होती आणि डॉक्टरांनी विमान आणि गारठा दोन्ही बंद केले होते.

बेत अर्थातच वैजूताई आखत होत्या. खाटेवर नकाशा पसरलेला, नाकावर चष्मा, हातात लाल पेन. पहिल्या दिवशी बंदरावर जाऊन नुसतं उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी केबल कारनं डोंगरावर, बरोबर बाराच्या सुमारास, म्हणजे ती निळी दुपार हुकणार नाही. तिसऱ्या दिवशी ध्रुवीय प्रकाश, आणि ढग आलेच तर चौथा दिवस हाताशी. दुकानांत रेंगाळायचं नाही, कारण दुकानं काय साताऱ्यातही आहेत.

रोपाबरोबर भावनाही जातात, ही यातली मोठी मेख होती. प्रवासात गुडघा दुखला तर ती कळही वैजूताईंच्या वाट्याला येणार. म्हणून स्नेहलनं गुडघ्याला पट्टा आणला आणि थंडीच्या नावानं बोटं मोडायची जन्माची सवय महिनाभर आधीच सोडायला घेतली. माशाच्या सूपवर गाडी अडली. दोघी पक्क्या शाकाहारी, पण तिथे गेल्यासारखं तिथलं खायला हवं, असा वैजूताईंचा हट्ट.

"पाप तुझ्या पदरात, चव माझ्या जिभेवर. आहे कबूल?"

स्नेहलला कबूल होतं. तिला काहीही कबूल असतं. सव्वीस वर्षांपूर्वी वैजूताईंची नॉर्वेला जाणाऱ्या शिक्षकांच्या तुकडीत निवड झाली होती, बॅगही भरून झाली होती, आणि त्याच आठवड्यात त्यांचा धाकटा भाऊ मंदार, म्हणजे स्नेहलचा नवरा, अपघातात गेला. त्यांची मुलगी ईरा तेव्हा तीन महिन्यांची. वैजूताईंनी तीच बॅग उचलली आणि स्नेहलच्या घरी आणून उघडली. ईराला वाढवलं, स्नेहलला पुन्हा नोकरीला लावलं, आणि नॉर्वेचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. या बाईसाठी एक सूप प्यायचं, यात कसलं पाप.

केंद्रातले डॉक्टर अद्वय शेजवलकर हे तरुण आणि सोशिक गृहस्थ होते. स्नेहलनं त्यांना सगळे विचारतात तेच विचारलं. फोटोच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात, मग आठवणीची एखादी प्रत मागे का ठेवता येऊ नये?

"कारण आठवण फोटोसारखी पडून राहत नाही, काकू," डॉक्टर म्हणाले. "आपण ती काढतो तेव्हा मेंदू ती सैल करतो आणि मग पुन्हा घट्ट बांधून ठेवतो. मधले चार-पाच तास ती मळलेल्या कणकेसारखी मऊ असते. त्याला आम्ही 'ओली घटका' म्हणतो. तेवढ्या वेळात आम्ही ती वाचून दुसरीकडे रुजवतो. पण वाचायचं म्हणजे पेशींमधली एकेक जोडणी सोडवायची, आणि सोडवलेली परत बांधता येत नाही. भाताचं रोप उपटल्याशिवाय दुसऱ्या खाचरात लावता येतं का?"

"मग मला काय उरणार?"

"जाऊन आलात, एवढी माहिती. तीही इतरांकडून ऐकून, पाठ केलेल्या सनावळीसारखी."

स्नेहलची तयारी होती. अडचण निघाली ती दुसऱ्याच कागदाची. वैजूताईंनीही एक अर्ज भरला होता, त्यांच्याकडून स्नेहलला एक रोप द्यायचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. शेजारून आलेली वाटी त्या घरातून कधी रिकामी परत गेली नव्हती. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून जाई, पण रिकामी नाही. मग एवढा मोठा आहेर घेऊन स्नेहलला रिकाम्या डोक्यानं कसं पाठवायचं?

डॉक्टरांनी स्नेहलला बाजूला घेतलं. "त्या काय देणार आहेत, हे सहीच्या आधी विचारलंत तर सांगायची सोय आहे. विचारायचंय?"

स्नेहलला हसू आलं. "परत आलेल्या वाटीत काय आहे, ते आधी विचारायचं नसतं हो. बरं दिसत नाही."

लोणच्याच्या मोसमाची नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनाची आठवण असेल, असं तिनं धरलं. नको म्हणावं तर ताईंचा अपमान. तिनं सही केली.

सहल कशी झाली ते सांगायला स्नेहलपाशी आज काही नाही. एक लोकरीची टोपी आहे, आणि वहीत तिच्याच अक्षरातली एक ओळ: 'सूप प्यायले.' सांगतात त्या वैजूताई. बर्फ पायाखाली कसा करकरतो ते सांगतात, दुपारी बाराला डोंगरावरून सारं गाव निळ्या काचेखाली ठेवल्यासारखं दिसतं ते सांगतात. सूप त्यांना अजिबात आवडलं नाही, हे सांगताना तर त्यांना आनंदानं ठसका लागतो. एकदा मात्र त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तिथे उभी राहून तू सारखं माझंच नाव घेत होतीस गं मनात. कुणी माझे एवढे उपकार मानत असेल, हे मला आतून कळायला नको होतं. पण मला फार सुख झालं."

स्नेहलच्या वाटीत काय आलं होतं?

एक उन्हाळा आला होता. कृष्णेचा घाट, कमरेइतकं पाणी, आणि सहा वर्षांचा मंदार पाठीला सुका भोपळा बांधून तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारलेला. मंदार तिला भेटला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. लहानपणीचे दोन फोटो सोडले तर त्यापलीकडचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. आता त्याच्या ओल्या केसांचा वास तिला ठाऊक होता. "ताई, सोडू नको," हे तो तिलाच म्हणत होता. तीन दिवस ती कृतज्ञतेनं रडली. चौथ्या दिवशी लग्नातल्या फोटोसमोर उभी राहिली, आणि नवऱ्याकडे बघताना पहिल्यांदा मनात आलं ते, पोरगं जेवलं असेल का. ती फोटोसमोरून बाजूला झाली. मग वैजूताईंकडे गेली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अगं, असं काय दिलं मी?" वैजूताई म्हणाल्या. "निवडलं मीच, पण काय ते आता काही केल्या आठवत नाही. चांगलं होतं ना?"

"मंदारचं होतं, ताई. तो पोहायला शिकला तेव्हाचं."

"असं? कुणी शिकवलं त्याला?"

स्नेहलच्या ओठांवर 'मी' आलं होतं. ते तिनं गिळलं. "तुम्ही," ती म्हणाली आणि घाटापासून सांगायला लागली. वैजूताई उशीला टेकून मन लावून ऐकत होत्या. हात सोडला तिथवर गोष्ट आली, तेव्हा त्यांनी स्नेहलचं मनगट घट्ट धरलं.

"मग? बुडालं नाही ना पोर?"

"नाही ताई. तरंगला."

वैजूताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "देवाची कृपा," त्या म्हणाल्या, ओळखीतल्या कुणाच्या मुलाबद्दल म्हणावं तसं, आणि पुढचं ऐकायला सरसावून बसल्या.